मदत हवी आहे : लढाऊ विमानांची देखभाल कंत्राटदाराकडे, मग युद्धात काय?

मंडळी, लष्करी विमानांच्या देखभालीच्या खासगीकरणावर टिपण लिहितेय आणि एका जागी अडकलेय. अमेरिकेत डेपो स्तरावरच्या (म्हणजे विमान पूर्ण उघडून होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीच्या) देखभाल निधीपैकी ५० टक्क्यांहून जास्त रक्कम कंत्राटदारांना देता येत नाही, असा कायदाच आहे. तरी एफ-३५ या लढाऊ विमानाची देखभाल बरीचशी कंत्राटदारांच्या हाती. मार्च २०२३मध्ये मोहिमेसाठी सज्ज विमानं जेमतेम ५५ टक्के होती आणि दुरुस्तीचा तांत्रिक तपशील लष्कराकडे पुरेसा नव्हता, हे तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनीच नोंदवलंय. (विमान आपलं, पाना फिरवायची मुभा मात्र दुसऱ्याची!)

तपशिलाचे हक्क करारातच मागून घ्यायचे, एवढं कळलं. पण लढाई पेटल्यावर कंत्राटदाराचे तंत्रज्ञ आघाडीच्या तळावर यायला बांधील असतात का? तशी अट करारात कशी घालतात? हँगरमध्ये काम केलेल्या कुणी सांगेल का?