निरीक्षकाचा व्यवस्थापक होताना: पर्यावरण आरोग्याच्या कामात नेमकं काय शिकावं लागतं?

नवा_कार्यभार

नमस्कार. स्थानिक पातळीवर पर्यावरण आरोग्य व्यवस्थापकाचं काम हाती घेणाऱ्याने पहिल्या काही महिन्यांत कशावर भर द्यावा? पाणी, अन्न, सांडपाणी, डास, आवाज, कचरा हे सगळं एकाच टेबलावर येतं. निरीक्षकाला एका जागेची तपासणी नीट करता आली की पुरतं. व्यवस्थापकाला मात्र चार-पाच निरीक्षक, काहीशे आस्थापना आणि रोज येणाऱ्या तक्रारी एकदम सांभाळाव्या लागतात. पदाच्या जाहिरातीत «नेतृत्वगुण», «समन्वय» असे शब्द असतात, पण त्यांवरून सोमवारी सकाळी काय करायचं ते कळत नाही. म्हणून तीन प्रश्न.

1. वर्षाचं तपासणीचं नियोजन कसं बसवायचं?
2. तांत्रिक बाबतीत व्यवस्थापकाला स्वतःला किती खोलात माहिती हवी?
3. साथ आली की पहिल्या दिवशी त्याने काय करायचं?

आकडेमोड

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण बहुतेक नियोजन तिथेच फसतं. यादी आधी केली जाते आणि माणसं नंतर मोजली जातात. उलट करा.

समजा चार निरीक्षक आहेत आणि प्रत्येकाचे कामाचे दिवस 220. म्हणजे 880 दिवस. त्यातले साधारण 60 टक्केच प्रत्यक्ष फिरतीवर जातात, बाकीचे अहवाल, सुनावण्या, प्रशिक्षण, रजा. उरले 528. दिवसाला सरासरी अडीच भेटी धरल्या तर 1320. यातला चौथा हिस्सा तक्रारी आणि साथींसाठी राखून ठेवायचाच. नियोजनाला हातात राहिल्या 990 भेटी.

आता 600 आस्थापना घ्या. जास्त धोक्याच्या 100, वर्षातून चारदा: 400. मध्यम 200, दोनदा: 400. कमी धोक्याच्या 300, दोन वर्षांतून एकदा: 150. बेरीज 950. कागदावर बसलं असं वाटतं, पण यात पुनर्तपासणी कुठेच नाही. तीस टक्के भेटींत त्रुटी निघून पुन्हा जावं लागतं असं धरलं तर आणखी 285 भेटी लागतात आणि तुमच्याकडे उरल्यात 40. मग वर्षाच्या मध्यावर निरीक्षक पुनर्तपासणी सोडून देतात, कारण नवीन भेटींचा आकडा वर दाखवायचा असतो. तपासणीचा सगळा उपयोग तिथेच संपतो. त्रुटी लिहिली गेली, दुरुस्त झाली की नाही ते कोणी पाहिलं नाही.

मध्यम गट वर्षातून एकदा केला तर नियोजित भेटी 750, पुनर्तपासण्या 225, एकूण 975. हे बसतं. तुमचे आकडे वेगळे असतील, क्रम मात्र हाच ठेवा. महिन्याच्या आढाव्यात «किती भेटी झाल्या» यापेक्षा «किती त्रुटी मुदतीत बंद झाल्या» हे आधी विचारा. लोक साहेब जे विचारतील तेच मोजतात.

तक्रारींबद्दल एक. दहा तक्रारी आल्या म्हणून विषय दहापट धोक्याचा होत नाही. वासाची आणि आवाजाची तक्रार लोक करतात, कारण ती जाणवते. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन शून्यावर आलं तर जीभ-नाक काही सांगत नाही, त्याची तक्रार कोणी करणार नाही. ते तुमच्याच मोजणीतून कळायला हवं.

क्लोरीनवाली

दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: उपकरण व्यवस्थापकाने रोज हाताळायची गरज नाही, पण समोर आलेला आकडा चुकीचा कसा असू शकतो हे त्याला माहीत असलंच पाहिजे. पाण्याचंच उदाहरण घेते.

मुक्त अवशिष्ट क्लोरीन (जंतू मारायला पाण्यात मोकळं उरलेलं) 30 मिनिटांच्या संपर्कानंतर 0.5 मि.ग्रॅ./लिटर आणि शेवटच्या टोकाच्या नळाला किमान 0.2 असावं, हे सगळ्यांना पाठ असतं. त्यामागच्या अटी विसरल्या जातात. पीएच 8 च्या खाली हवा, गढूळपणा शक्यतो 1 एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत हवा. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीच्या आणि सेंद्रिय कणांवरच खर्च होतं, जंतू कणांच्या आड सुरक्षित राहतात. पाणी निवळायच्या आधी डोस वाढवत बसणं हा ब्लीचिंग पावडर वाया घालवण्याचा मार्ग आहे.

मापनात ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी अजून काही ठिकाणी दिसते. तिचा पिवळा रंग लगेच वाचला नाही तर मुक्त आणि संयुक्त (अमोनियासारख्या पदार्थांशी बांधलं गेलेलं) क्लोरीन एकत्र मोजलं जातं, शिवाय ते रसायन आरोग्याला घातक मानलं जातं. गुलाबी रंग देणारी डीपीडी चाचणी वापरा. पहिली गोळी टाकली की एका मिनिटाच्या आत मुक्त क्लोरीन वाचायचं, मग तिसऱ्या क्रमांकाची गोळी टाकून एकूण क्लोरीन. दोन्ही आकडे नोंदवा. मुक्त शून्य आणि एकूण 0.6 असा निकाल आला तर क्लोरीन पोहोचलं आहे, पण ते अमोनियाशी बांधलं गेलं आहे. तिथे वाहिनीत सांडपाणी शिरतंय का हे त्याच दिवशी शोधायचं. फक्त मुक्त आकडा लिहिणाऱ्याला ही खूण कधीच दिसत नाही.

जंतू तपासणीच्या नमुन्यातही तेच. निर्जंतुक बाटलीच्या तळाशी सोडियम थायोसल्फेट असतं, म्हणून ती खंगाळायची नाही. ते धुतलं गेलं तर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत बाटलीतलं क्लोरीन जंतू मारत राहतं आणि निकाल खोटाच स्वच्छ येतो. नळाची जाळी काढा, दोन-तीन मिनिटं पाणी सोडा, धातूचा नळ असेल तर ज्योतीने तापवा, नाहीतर क्लोरीनच्या द्रावणाने पुसा, परत मिनिटभर सोडा आणि मग भरा. वर बोटभर हवा ठेवा, तिथे हलवून मिसळता यायला हवं. थंड पेटीत, शक्यतो 6 तासांत पोहोचवा, 24 तासांपलीकडे नाहीच. त्याच नळाचं क्लोरीन वेगळ्या नळीत मोजून चिठ्ठीवर लिहा. निकालाचा अर्थ त्याशिवाय लागत नाही.

आणि टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. तिची ताकद डबा उघडल्यापासून उतरत जाते. हवा, ऊन, ओल तिन्ही तिला खातात. 33 टक्के क्लोरीन धरून 1000 लिटरला लिटरमागे 2 मि.ग्रॅ. डोस द्यायचा तर 6 ग्रॅम पुरतात. तीच पावडर 20 टक्क्यांवर आली असेल तर 10 ग्रॅम लागतात. साठ्याच्या नोंदवहीत «पोती किती» सोबत «क्लोरीन किती टक्के, कधी तपासलं» हा रकाना घाला.

नवा_कार्यभार

ताई, खूप उपयोगी. एक शंका. विहिरीला किती पावडर हे कसं ठरवायचं? प्रत्येक विहिरीच्या पाण्याची क्लोरीन खाण्याची क्षमता वेगळी असणार.

क्लोरीनवाली

बरोबर. आधी पाणी मोजा: व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले 3.14, भागिले 4, गुणिले 1000, सगळं मीटरमध्ये. व्यास 4 आणि पाणी 3 मीटर असेल तर 37,680 लिटर.

मग हॉरॉक्स संच, म्हणजे पाण्याला किती पावडर लागेल ते काढायचा कपांचा संच. काळ्या कपात 2 ग्रॅम पावडरची पेस्ट, खुणेपर्यंत पाणी, चुना खाली बसू द्यायचा. सहा पांढऱ्या कपांत विहिरीचं पाणी, पहिल्यात वरच्या निवळीचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहापर्यंत. ढवळून अर्धा तास थांबा, मग प्रत्येकात निर्देशकाचे (क्लोरीन असेल तर निळा रंग देणारं द्रावण) तीन थेंब. स्पष्ट निळा झालेला पहिला कप शोधा. त्याच्या क्रमांकाला दोनने गुणलं की 455 लिटरला लागणारे ग्रॅम मिळतात. तिसरा कप निळा झाला तर 6 ग्रॅम, म्हणजे या विहिरीला जवळपास 500 ग्रॅम. पावडर थेट आत फेकू नका. बादलीत पेस्ट, मग पाणी, चुना बसला की निवळी दुसऱ्या बादलीत. ती पाण्याच्या पातळीखाली सोडून वर-खाली हलवून मिसळायची. तासाभराने परत मोजा.

साथवही

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. पहिल्या दिवशी व्यवस्थापकाचं काम स्वयंपाकघरात शिरण्याच्या आधी सुरू होतं. प्रत्येक रुग्णाची एक ओळ: वय, राहण्याचं ठिकाण, काय खाल्लं-प्यायलं, किती वाजता, पहिलं लक्षण कोणतं आणि किती वाजता. ही यादी दुपारपर्यंत तयार हवी, कारण खाल्ल्यापासून लक्षणापर्यंतचा मधला वेळ बरंच सांगतो. दोन ते चार तासांत जोराच्या उलट्या आणि ताप जवळजवळ नाही, तर स्टॅफिलोकोकस या जंतूच्या विषाचा संशय. आठ ते सोळा तासांनी पोटात कळा आणि जुलाब, उलटी फारशी नाही, तर क्लोस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स. बारा ते छत्तीस तासांत तापासह जुलाब, तर साल्मोनेला बघा. हे अंदाज आहेत, पण प्रयोगशाळेला काय शोधायला सांगायचं ते यावरून ठरतं. शौचाचे नमुने शक्यतो प्रतिजैविकं सुरू होण्याआधी घ्यायचे.

आता सर्रास होणारी चूक. आजारी माणसांनाच «काय खाल्लं?» विचारतात. न आजारी पडलेल्यांनाही विचारा. समजा जेवायला 80 जण होते, 38 आजारी पडले. पदार्थ «अ» खाणारे 50, त्यांतले 35 आजारी. न खाणारे 30, त्यांतले 3. पदार्थ «ब» खाणारे 60, त्यांतले 30 आजारी. न खाणारे 20, त्यांतले 8. नुसत्या आजाऱ्यांत पाहिलं तर 35 आणि 30, दोन्ही पदार्थ सारखेच गुन्हेगार दिसतात. दर काढा: «अ»साठी 70 टक्के विरुद्ध 10, म्हणजे सातपट. «ब»साठी 50 विरुद्ध 40, म्हणजे जेमतेम सव्वापट. संशय कुठे ठेवायचा ते स्पष्ट झालं.

त्यानंतर स्वयंपाकघर. «भांडी स्वच्छ होती का» यावर वेळ घालवण्यापेक्षा शिजल्यापासून वाढेपर्यंतचा प्रत्येक तास विचारा. परफ्रिन्जेन्सचे बीजाणू शिजवताना मरत नाहीत, खोल पातेल्यात अन्न हळूहळू निवताना ते वाढतात. 60 अंशांवरून 21 पर्यंत दोन तासांत आणि पुढच्या चार तासांत 5 पर्यंत यायला हवं. खोल पातेलं शीतकपाटात ठेवूनही मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, म्हणून पाचेक सेंटिमीटर थराच्या उथळ ताटल्या. स्टॅफिलोकोकसचं विष तर परत उकळूनही जात नाही, तेव्हा «गरम करून वाढलं होतं» हे उत्तर ऐकून समाधान मानू नका. उलटी-जुलाब झालेला कामगार लक्षणं थांबल्यावर 48 तास कामावर नको.

उरलेलं अन्न फेकू देऊ नका. पहिला फोन याच कामासाठी करा.

पंचनामा

आकडेमोड यांच्याशी बव्हंशी सहमत, एका गोष्टीला हरकत. जोखीम फक्त धंद्याच्या प्रकारावरून ठरवू नये. शिजवलेलं अन्न मोठ्या प्रमाणात वाढणारी जागा «जास्त धोक्याची» हे खरं, पण मागच्या तीन भेटींत त्रुटी मुदतीत दुरुस्त झाल्या का, तापमानाची नोंद रोज ठेवली जाते की भेटीच्या दिवशी एका शाईने महिनाभराची भरलेली असते, हे जास्त बोलतं. प्रकाराला अर्धे गुण, वागणुकीला अर्धे.

लेखनकौशल्याविषयी कोणी बोललं नाही. माझ्या मते व्यवस्थापकाचा सर्वांत जास्त वेळ निरीक्षकांचे शेरे वाचण्यात जायला हवा. «शीतकपाट अस्वच्छ, तापमान जास्त, सुधारणा करावी.» या वाक्यावर कुठलीही कारवाई टिकणार नाही. असं हवं: «उभ्या शीतकपाटाच्या मधल्या खणातील शिजवलेल्या अन्नाचं तापमान दोन पाकिटांमध्ये तापमापकाचा प्रोब ठेवून 14.20 वाजता 11 अंश. हाच प्रोब 13.50 वाजता बर्फाच्या पाण्यात 0.2 अंश दाखवत होता. दाराची रबरी पट्टी खालच्या कोपऱ्यात सुटलेली. पट्टी बदलून अन्नाचं तापमान 5 अंश किंवा खाली आणावं, मुदत 48 तास. 11 अंशांवरील माल वेगळा काढला.» त्यापुढे लागू कलम. काय, कुठे, किती, कशाने मोजलं, काय करायचं, कधीपर्यंत. बर्फाच्या पाण्यातली ती एक ओळ नसेल तर समोरचा पहिला आक्षेप उपकरणावरच घेतो.

आवाजाच्या मोजणीलाही हेच लागू. मोजणीच्या आधी आणि नंतर कॅलिब्रेटर (मापक तपासायला ठरावीक आवाज देणारं उपकरण) 94 डेसिबलला लावून दोन्ही आकडे लिहायचे. दोन्हींत अर्ध्या डेसिबलहून जास्त फरक पडला तर ती मोजणी रद्द. तक्रार असलेलं यंत्र बंद असतानाचा परिसराचा आवाजही नोंदवा, नाहीतर रस्त्याचा आवाज यंत्राच्या नावावर चढतो.

निरीक्षकांमधला फरक कमी करायचा असेल तर तीन महिन्यांतून एकदा दोघांना एकाच जागी पाठवा, वेगवेगळे शेरे लिहायला लावा आणि मग समोरासमोर ठेवा. एकाने «गंभीर» लिहिलेलं दुसऱ्याने «किरकोळ» लिहिलेलं निघतं. व्याख्या तिथेच बसून ठरवायची, परिपत्रक काढून हे होत नाही.

मोजनळी

क्लोरीनवाली ताईंच्या माहितीत एक भर. क्लोरीन फारच जास्त असेल, उदाहरणार्थ टाकी नुकतीच धुऊन जोरदार डोस दिलाय, तर डीपीडीचा गुलाबी रंग क्षणभर दिसून उडून जातो आणि नळी शून्य दाखवते. निरीक्षक «क्लोरीन नाही» लिहितो, तिकडे डोस आणखी वाढवला जातो. शून्य दिसलं आणि पाण्याला क्लोरीनचा उग्र वास असेल तर 1 भाग नमुना आणि 9 भाग क्लोरीनमुक्त शुद्ध पाणी घेऊन परत मोजा, येईल त्या आकड्याला 10 ने गुणा. पातळ करायला नळाचं पाणी घेऊ नका, त्यातही क्लोरीन असतं.