नॉर्वे राहू द्या, मे महिन्यात जळगावला या

कपाशीवाला, जळगाव
काल इथं एकानं ज्ञान दिलं: "नॉर्वेत २०२४ साली दर दहा नव्या गाड्यांतल्या जवळपास नऊ इलेक्ट्रिक विकल्या गेल्या, आपले लोक अजून पंपावर उभे. मानसिकता बदला." बदलली होती भो! गाडी घेऊन वीस महिने झाले. मे महिन्यात भाचीच्या लग्नाला नाशिकला निघालो. अडीचशे किलोमीटर. कागदावर एका चार्जिंगची रेंज ३१५. बाहेर ४४ डिग्री, एसी फुल, पाच माणसं, डिकीत रुखवताची भांडी. मालेगाव आलं तेव्हा बॅटरी १९ टक्के. ढाब्यावरच्या चार्जरपुढं ट्रॅक्टर उभा, मालक जेवायला बसलेला. तो उठला तर ओटीपी येईना. ओटीपी आला तर त्याच चार्जरच्या दुसऱ्या वायरला दुसरी गाडी लागली, चार्जिंगचा वेग निम्मा. मंगलाष्टकं हुकली. भाचीच्या मागं मामा म्हणून तिच्या काकालाच उभं केलं. बहीण अजून धड बोलत नाही.

सोलारवाला, धुळे
दादा, दोष गाडीचा की नियोजनाचा? धुळ्यात तासभर लावली असती तर अक्षता टाकायला वेळेत पोचला असता. माझे तीन वर्षांत ४२ हजार किलोमीटर झाले. घरच्या विजेवर किलोमीटरला दीड रुपया, पेट्रोलवर सात. नाशिकला वर्षातून चारदा जाता, बाकी दिवस घर ते गोलाणी मार्केट.

केळीबाग, यावल
"घरच्या विजेवर" म्हणणं सोपं आहे. आमच्याकडं चार्जर लावला की लाल दिवा. वायरमन म्हणे अर्थिंग नाही. खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला, चालू झाला. एप्रिलमध्ये काळी माती भेगाळली की पुन्हा लाल. आता रोज संध्याकाळी त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओततो. शेजारी विचारतात, काय लावलंय? रात्री दोन तास लाईट गेली की सकाळी गाडी अर्धपोटी.

बुलेटवाला, भुसावळ
पेट्रोलवाले तरी कुठं सुखात? वीस टक्के इथेनॉल घालून ठेवलंय. माझं अ‍ॅव्हरेज ३४ वरून ३० वर आलं. विचारणार कोणाला?

मकावाला, चोपडा
इथेनॉलला हात लावू नका. त्याच्यामुळं मक्याला गिऱ्हाईक तरी आलं. तुमच्या बुलेटचे चार किलोमीटर मोठे की आमचा क्विंटलचा भाव?

बुलेटवाला, भुसावळ
भाव मिळाला का तुम्हाला? मिळाला असेल तर पावती दाखवा. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, हे शाळेतलं गणित आहे. पैसे मात्र पूर्ण लिटरचे.

मकावाला, चोपडा
शाळा काढू नका. भुसावळात बसून शेतीवर बोलणारे लई पाहिले. तुमच्या दीपनगरच्या वीज केंद्राची राख खा आणि गप बसा.

सोलारवाला, धुळे
अरे, धागा इलेक्ट्रिकचा आहे!

बुलेटवाला, भुसावळ
मग दीपनगरवरच बोलू. तिथं कोळसा जळतो तेव्हा तुमची हिरवी गाडी चालते. नॉर्वेत वीज धरणातून येते, एवढं तरी त्या ज्ञानी माणसाला सांगा.

सोलारवाला, धुळे
माझी छतावरून येते. ढग आले तर दीपनगरची घेतो, मान्य. खूश?

कपाशीवाला, जळगाव
मुद्दा कोणी वाचलाच नाही. ज्याच्या दारात दोन गाड्या, त्यानं एक इलेक्ट्रिक जरूर घ्यावी. आमच्या दारात एकच. ती बाजारासाठी घेत नाही. म्हातारीला रात्री एक वाजता संभाजीनगरला न्यायचं असतं, त्या दिवसासाठी घेतो. आणि तो दिवस गाडी ३० टक्क्यांवर असतानाच येतो.

सोलारवाला, धुळे
हे मात्र खरं. आईच्या वेळी मीही शेजाऱ्याची डिझेल नेली होती. पण तेवढ्यावरून गाडी विकणार का?

कपाशीवाला, जळगाव
विकायला काढलीये. डीलर अर्धी किंमत सांगतो, म्हणे बॅटरीचं काही सांगता येत नाही. आठ वर्षांची वॉरंटी दाखवली तर हसला. तुला हवी का? रुखवताचा एक डबा डिकीत राहिलाय, तो फुकट.