एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण प्लांटच्या) गाळावर जगात सध्या काय रिसर्च चालू आहे?

एमटेक_वैतागलेला: मंडळी, सेमिनारला सांडपाण्याचा गाळ घेतलाय, सर म्हणतात जगातला ट्रेंड सांग. पेपर शोधायला बसलो तर ढिगाने निघतात आणि बघावं तिकडे डायजेशनच (बंद टाकीत जंतूंकडून गाळ कुजवून गॅस काढणं). नक्की काय धरू?

शिफ्टवाला_नाना: बाळा, आधी पाण्याचं गणित बघ. सेंट्रीफ्यूजमधून (गाळ गरगर फिरवून पाणी काढणारं मशीन) निघालेला केक, म्हणजे घट्ट गाळ, हातात घेतला की बऱ्यापैकी कोरडा वाटतो पण त्यात 75-80 टक्के पाणीच असतं, म्हणजे ट्रकचं भाडं आपण भरतो ते पाणी फिरवायचं. म्हणून थर्मल हायड्रोलिसिस वाच. डायजेस्टरच्या आधी गाळ साधारण 160 डिग्रीला प्रेशरखाली कुकरसारखा शिजवून काढायचा, पेशी फुटतात, गॅस वाढतो आणि नंतर पाणीपण चांगलं सुटतं. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या ब्लू प्लेन्स सांडपाणी प्लांटला मोठ्या स्केलवर चालू आहे.

हॅम्बुर्गकर_ताई: इकडे जर्मनीत सगळं वारं फॉस्फरसकडे वळलंय. 2017 चा नियम आहे, गाळात फॉस्फरस 2 टक्क्यांच्या वर असेल तर 2029 पासून मोठ्या प्लांटना तो परत वापरायला काढून घ्यावाच लागणार, मधल्या साइजच्यांना 2032. त्यासाठी गाळ एकटाच जाळतात, म्हणजे फॉस्फरस राखेत राहतो, कारण सिमेंटच्या भट्टीत घातला की फॉस्फरस सिमेंटमध्ये गेला तो गेलाच. खतासाठी युरोप मोरोक्को-रशियाच्या तोंडाकडे बघतो, मग राखेलाही भाव येणारच ना.

एमटेक_वैतागलेला: पण ताई, सरळ शेतात का नाही टाकत? खतच आहे की ते.

हॅम्बुर्गकर_ताई: टाकतात की, फ्रान्समध्ये भरपूर. स्वित्झर्लंडने मात्र कधीच बंद केलं आणि अमेरिकेत मेन राज्याने 2022 मध्ये बंदी घातली, कारण पीफास, म्हणजे सहजी न मोडणारी फ्लोरिनवाली केमिकल्स. अमेरिकेचा 1993 चा केंद्राचा नियम जंतू नि जड धातू बघतो, ही केमिकल्स त्यात नव्हतीच. आता पायरोलिसिसने (ऑक्सिजनशिवाय खूप तापवून) ती किती मोडतात यावर पेपरवर पेपर येतायत.

शिफ्टवाला_नाना: आपल्याकडचं हवं असेल तर अहमदाबाद घे. बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) टेक्नॉलॉजीवर कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांनी सुकवलेला गाळ निर्जंतुक करतात, रोज 100 टनांची कपॅसिटी. जंतू मरतात, धातू आहेत तिथेच राहतात, हे कोणी सांगत नाही. बाकी माझं ऐक, फॉस्फरस घे. पीफासच्या नादी लागलास तर सॅम्पल टेस्टिंगलाच बजेट संपेल.