बाजू घ्या, पण आधी मॅच पहा

भाऊ, बाहेरचे पेपर विदर्भाला जागा देत नाहीत म्हणून निदान क्रिकेटवर लिहिणाऱ्या आपल्या माणसानं तरी आपली बाजू घ्यावी, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटलं. बाजू घ्या ना, पण काय घडलं ते तर सांगा. 2025 ची रणजी फायनल आठवा, नागपूरजवळच्या जामठ्याच्या ग्राउंडवर, केरळविरुद्ध, मॅच ड्रॉ झाली अन् पहिल्या डावातल्या 37 रनांच्या लीडवर ट्रॉफी आपली. त्यात केरळकडून 79 काढणारा कोण, तर आदित्य सरवटे, आपलाच पोरगा, आता केरळकडून खेळणारा, ज्यानं 2019 च्या फायनलमध्ये विदर्भाकडून याच ग्राउंडवर सौराष्ट्राच्या 11 विकेट काढल्या होत्या, पुजाराला दोन्ही डाव मिळून 1 रन! तो आपल्याच बॉलर्ससमोर उभा राहून खेळून राहिला, हे पाहताना पोटात काय होतं ते नागपूरचाच माणूस लिहू शकतो, अन् तेच मला वाचायचं असतं.

भारताच्या टीमच्या सिलेक्शनचंही तसंच. "आमच्यावर नेहमीच अन्याय" असं लिहिलं की बाहेरचा माणूस पान उलटतो. आपल्या स्पिनर हर्ष दुबेनं त्या 2024-25 च्या एका सीझनमध्ये 69 विकेट घेतल्या, एका सीझनमधल्या विकेटचा रणजीचा रेकॉर्ड आहे, एवढं लिहा, कोणाच्या काढल्या, कशा पिचवर काढल्या ते सांगा, मग बोला ना सिलेक्टर्सना, मी पण बोलतो तुमच्यासोबत. अन् त्या फायनलमध्ये केरळचा कॅप्टन सचिन बेबी 98 वर उडवायला गेला नसता तर लीड कदाचित केरळची असती, हे पण त्याच रिपोर्टात यायला पाहिजे.