[मंडळ-गप्पा] मुंबईत जुनी बॉक्स्टर घेतोय, बघायला कुणी जाईल का?

प्रेषक: मंदार, एडिसन

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात आम्ही कायमचे परत जातोय हे बहुतेकांना ठाऊक आहे. सतरा वर्षं इथे अमेरिकेत मिनिव्हॅन चालवली. आता लेक कॉलेजात गेली, तेव्हा पार्ल्यात पोचल्यावर एक तरी वेडेपणा स्वतःच्या पैशानं करायचा असं ठरवलंय. वरळीला एक पोर्शे बॉक्स्टर, दोन सीटची, कापडी छताची स्पोर्ट्स कार, हेरून ठेवली आहे. २०१४ ची, २.७ लिटर, पीडीके म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, एमएच-०२ चा नंबर, दुसरा मालक, मीटरवर १९,००० किलोमीटर. व्हिडिओ कॉलवर पाहिली तर आरशासारखी चकचकीत. विकणारा म्हणतो, "साहेब, चाललीच नाहीये हो, नुसती उभी असते." टोकन मागतोय.

पोर्शेच्या इंजिनातल्या कुठल्याशा बेअरिंगबद्दल नेटवर वाचलं आणि झोप उडाली. परत गेलेल्यांपैकी कुणी प्रत्यक्ष जाऊन बघेल का? भाव मुद्दाम लिहीत नाही, बाबा या लिस्टवर आहेत.

मंदार

---

प्रेषक: सुहास, प्रिन्स्टन

तिकडची कशाला घेतोस? इथलीच एखादी घेऊन सामानाच्या कंटेनरमध्ये टाक. आणि पार्ल्याच्या गल्लीत दोन सीटची गाडी म्हणजे वहिनींनी मान्य केलंय, की त्यांनाही बाबांसारखंच अंधारात ठेवलंयस?

---

प्रेषक: अनंतकाका, ठाणे

मंदार,

टोकन देऊ नकोस. रविवारी मी वरळीला जाऊन येतो. बदल्यात डिसेंबरात मिसळ तुझ्याकडून.

सुहासचा कंटेनर बाद. डाव्या स्टिअरिंगची गाडी इथे आणून वापरता येत नाही, नियमच उजव्या स्टिअरिंगचा आहे.

बेअरिंगचं उरकून टाकतो. ते इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं, म्हणजे आयएमएस बेअरिंग. २००८ पर्यंतच्या बॉक्स्टर, केमन आणि साध्या ९११ मध्ये ते मोडण्याची धास्ती असायची, आणि ती खरीच होती. २००९ च्या मॉडेलपासून नवं इंजिन आलं, त्यात तो शाफ्टच नाही. तुझी गाडी २०१४ ची. ते पान तुझ्या परीक्षेला नाही, झोप काढ.

मी अडखळलो ते "नुसती उभी असते" या शब्दांवर. तिकडे कमी मायलेज बघितलं की माणूस खूश होतो. इथे मला उलट भीती वाटते. मुंबईत उभी गाडी म्हणजे दमट हवेत उभी, चार पावसाळे बेसमेंटमध्ये उभी, नाहीतर सोसायटीच्या झाडाखाली उभी. वरळीला तर समुद्राचा खारा वारा. ब्रेकच्या डिस्कवर गंज, सायलेन्सरचे बोल्ट गंजून चिकटलेले, वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. मीटर मात्र लाजरं, १९,००० च्या पुढे सरकत नाही.

म्हणून किलोमीटर विचारू नकोस, तास विचार. या गाडीचा इंजिन कंट्रोलर इंजिन एकूण किती तास चाललं ते लिहून ठेवतो. पोर्शेचं डायग्नोस्टिक मशीन लावलं की आकडा दिसतो. किलोमीटरला तासांनी भागायचं. आपल्या शहरात वीस-पंचवीस आले तर मला पटतं. दहा-बारा आले तर दोनच शक्यता: मीटर मागे फिरवलाय, नाहीतर गाडी न हलता इंजिन तासन्‌तास धडधडत राहिलंय. त्याच मशीनवर इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरवलं तेही दिसतं. हाताच्या गिअरमध्ये चुकून खालचा गिअर पडला की ते व्हायचं. पीडीके तसं करूच देत नाही, त्यामुळे तिथे मी फार वेळ घालवणार नाही.

एक युक्ती सांगून ठेवतो, इतर गाड्यांनाही चालेल. बघायला जायच्या आदल्या दिवशी कुणी डॅशबोर्डवरचा एररचा दिवा पुसला असेल, तर स्कॅनरवर एररचा कोड दिसत नाही. पण गाडी स्वतःच्या ज्या तपासण्या करत असते त्या "अपूर्ण" दिसतात. कोरी पाटी दिसली की समजायचं, आत्ताच पुसली आहे.

मालकाला मी निक्षून सांगणार, मी यायच्या आधी चालू करायची नाही. पोचलो की मागच्या सायलेन्सरजवळ हात नेऊन बघणार, गरम असेल तर चहा पिऊन परत. गार इंजिन चालू करताना निळसर धुराचा एखादा भपका आला तर घाबरू नये. या इंजिनाचे सिलिंडर आडवे असतात, उभ्या गाडीत थोडं ऑइल त्यांत झिरपतं. धूर येतच राहिला तर मात्र गडबड. ऑइलची पट्टी शोधत बसू नकोस, या गाडीला ती नाहीच, पातळी स्क्रीनवर दिसते.

आता पाणी. २९ ऑगस्ट २०१७ ला, मुंबई पाण्यानं तुंबली त्या दिवशी, ही गाडी कुठे उभी होती, हा प्रश्न मी विचारणारच. उत्तर कोण देतंय यापेक्षा सीटबेल्ट काय सांगतो ते बघतो. पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढायचा. वरचा हात-दीड हात सगळेच पुसतात, तळाशी गाळाची रेघ राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट, पुढच्या डिकीतल्या बॅटरीखालची जागा, गालिच्याखालचा फोम हेही बघायचं. कापडी छताच्या गाडीत पुराशिवायही पाणी शिरतं. छताच्या कडेला पाणी जायच्या बारीक नळ्या असतात. गुलमोहराची पानं जणू त्यांच्याच मापानं कापलेली. नळी तुंबली की पाणी सीटखाली. तीच पानं पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत रेडिएटरपाशी साचतात, ओली राहतात आणि पुढ्यातला एसीचा कंडेन्सर खातात.

लोहचुंबक खिशात घालून डेंटिंग-पेंटिंग शोधायला जाऊ नये. या गाडीचे दरवाजे आणि बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचे, चुंबक चिकटणारच नाही. दोन्ही धातूंवर चालणारा रंगाच्या जाडीचा मीटर लागतो. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन. कुठे ३०० दिसला तर पुन्हा मारलाय, ५०० च्या वर गेला तर खाली लांबी, म्हणजे पुटी, भरली आहे.

टेस्ट ड्राइव्हला मालक कोस्टल रोडवर नेणार, पैज लाव. गुळगुळीत रस्ता आणि बोगद्यात एक्झॉस्टचा आवाज! ऐकणारा तिथेच विरघळतो. मी त्याला डिलाईल रोडच्या गल्लीत न्यायला लावणार. सस्पेन्शनचा खडखडाट गतिरोधकावर कळतो, बोगद्यात नाही.

अनंतकाका

---

प्रेषक: विद्याताई, दादर

मंदार, काका गाडी बघतील, मी कागद बघते. दुसऱ्या मालकाचं नाव एखाद्या कंपनीचं आहे का विचार. वरळीत अशा गाड्या बरेचदा फर्मच्या नावावर असतात, मग सही साहेबांची चालत नाही, कंपनीचा ठराव लागतो. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. हे हातात आल्याशिवाय एक रुपया सोडू नकोस. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघायला काकांना सांग. सतरा अक्षरं असतात. थकलेली ई-चलनं ऑनलाइन दिसतात.

तुझी एमएच-०२ आहे ते बरं. काही लोक टॅक्स वाचवायला पुद्दुचेरीचा नंबर घेतात. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांच्या वर इथे ठेवली की पुन्हा नोंदणी, म्हणजे टॅक्स भरायची पाळी घेणाऱ्यावर. विम्याचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो माणसाचा असतो. उलट जुने क्लेम गाडीचे असतात, ते विमा कंपनीकडून लेखी मागव. नाव बदललं की चौदा दिवसांत विमाही बदलून घे.

आणि नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१४ अधिक १५ कर, भाव बोलताना हे लक्षात ठेव.

---

प्रेषक: अनंतकाका, ठाणे

जाऊन आलो. कुर्ल्याचा ओळखीचा मेकॅनिक आणि त्याचं मशीन बरोबर होतं. मालक सभ्य निघाला, गाडी रॅम्पवर चढवू दिली.

रंग सगळीकडे कंपनीचा, फक्त मागचा डावा फेंडर ३२०. सीटबेल्ट तळापर्यंत स्वच्छ, म्हणजे पूर नाही. पण डाव्या सीटखाली गालिचा ओलसर आणि बोल्ट गंजलेले. छताची नळी तुंबली आहे. बंपरच्या कोपऱ्यातून मूठभर पानं काढली, कंडेन्सर खरडल्यासारखा झालाय. पुढच्या टायरवर १३१४, म्हणजे २०१४ चा तेरावा आठवडा. नक्षी नवीकोरी, रबर लाकडासारखं. चारही टायर बदलायचे. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, शेवटची नोंद २०१९ ची.

तास १,४९०. भाग दिला तर पावणेतेराच्या आसपास. मी मालकाकडे बघितलं, तो मीटरची शपथ घ्यायला लागला. बाजूला ड्रायव्हर उभा होता, त्याला सहज विचारलं, गाडी उभी असताना काय करता? म्हणाला, "रोज सकाळी अर्धा तास चालू ठेवायचो ना काका, बॅटरी उतरू नये म्हणून. एसी लावून पेपर वाचायचो. चार वर्षं." वर्षाचे एकशे ऐंशी तास धरले तरी चार वर्षांत सातशेच्या वर. हिशेब जुळला. मीटर खरा आहे, इंजिन मात्र दिसतं त्याच्या दुप्पट चाललंय, तेही गारठलेलं, जागच्या जागी. मेकॅनिकनं कॅमेरा घालून सिलिंडर बघितले, ओरखडे नाहीत. गाडी घेण्यासारखी आहे. त्याच्या भावात नाही.

---

प्रेषक: मंदार, एडिसन

काका, मिसळ नाही, थाळी! टायर, कंडेन्सर, छताच्या नळ्या आणि १,४९० तास असं सगळं लिहून त्याला पाठवलं. दोन दिवस गप्प होता, आज खाली उतरला. विद्याताई, आरसीवर बँकेचा बोजा निघाला. तो उतरवून एनओसी दाखवल्याशिवाय टोकन नाही, असं कळवलंय.

---

प्रेषक: बाबा, विलेपार्ले

चि. मंदार,

सगळं वाचलं. भाव विद्याला फोन करून विचारला. सोसायटीत रिकामी जागा एकच आहे, गेटजवळची, गुलमोहराखाली.

बाबा