काजूच्या बागायतीत दगडाची पाती नि खापरं निघाली, पुढे काय करू?

कुशावतीकाठ:
गोव्यात सांगे तालुक्यात कुशावती नदीपासून जरा वर आमची काजूची बागायत आहे. रोपांसाठी खड्डे मारताना एके ठिकाणी गारगोटीचे तुकडे बरेच निघाले. बहुतेक ओबडधोबडच. काही मात्र नखाएवढे, एक कड धारेची, दुसऱ्या कडेला बारीक टवके काढलेले. एक तर सरळ चंद्रकोरीसारखा. सोबत लाल खापरं, त्यातल्या एकाच्या काठाशी आडव्या रेघा. बाबा म्हणतात, "गप्प बुजवून टाक, सरकारला कळलं की बागायत गेलीच समज." चुलतभाऊ म्हणतो, वीक, गिऱ्हाईक मी बघतो. ही बाणाची टोकं असतील का? आणि जमीन खरंच जाते का?

जांभाकातळ:
चंद्रकोर नि टवके काढलेली पाठ म्हणजे सूक्ष्मास्त्रं, अश्मयुगातली बारीक दगडी पाती, असण्याची चांगलीच शक्यता आहे. 'बाणाचं टोक' म्हणायची घाई नको. असली पाती लाकडाच्या नाहीतर हाडाच्या दांड्यात खाच पाडून ओळीने बसवत, डिंकाने चिकटवत. तो बाण असेल, नाहीतर कापायचं हत्यार.

गारगोटी मोठी फसवी. पिकासाचा घाव बसला तरी धारदार टवका उडतो, आणि माणसाच्या घावाची जी गोलसर फुगवटी चकमकीवर ठळक दिसते, ती हिच्यावर नीट उमटत नाही. त्यामुळे एका सुबक तुकड्यावरून काही ठरत नाही. ज्या गोट्यातून पाती काढली तो गाभा, उडालेला चुरा आणि तयार पाती एकाच जागी असतील तर तिथे कुणीतरी बसून काम केलंय. ते ओबडधोबड तुकडे म्हणूनच टाकू नका. जाणकार आधी तेच मागेल.

तुमच्याच नदीवर पणसायमळची कातळशिल्पं आहेत, 1993 साली अभ्यासकांपुढे आलेली. पण तुमचे दगड त्याच काळचे, असं एवढ्यावरून म्हणता येत नाही.

डिचोलीकर:
खापरांबद्दल बोलतो, आमच्या घरात चाक होतं. मोडलेली कड बघा. मधे काळा पट्टा असेल तर धग आतपर्यंत पोचलेली नाही. आतल्या अंगाला बोटांच्या गोल रेघा असतील तर मडकं चाकावरचं. पण हे सगळं माझ्या आजोबांच्या मडक्यातही दिसेल, म्हणजे वय यातून कळत नाही. दगड नि खापर एका खड्ड्यात निघाले म्हणून एका काळचे होत नाहीत. घरातली फुटकी मडकी शेणखतासोबत बागायतीत जातातच.

सपाट, एकसारख्या जाडीचा तुकडा असेल तर मंगळुरी कौल असणार. ती कौलं 1865 पासूनची. काठाचा तुकडा जपा, त्यावरून तोंडाचा घेर मोजता येतो. आणि ब्रशने घासू नका, काजळी चिकटलेली असली तर तीच कामाची.

निवृत्त कारकून:
चुलतभावाला आधी आवरा. शंभर वर्षांवरच्या पुरावस्तूंना 1972 चा कायदा लागतो. त्यांच्या विक्रीच्या धंद्याला परवाना हवा, आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. 1878 चा कायदाही आहे: जमिनीत दडलेल्या, दहा रुपयांहून जास्त किमतीच्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी द्यायची. गारगोटीच्या टवक्याला दहा रुपये कोण देणार, ते सोडा. एक अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना, एक पुरातत्त्व खात्याला, दोन्हींवर पोच घ्या. पोच नसलेला अर्ज कुठे जातो ते मी नोकरीत भरपूर पाहिलंय.

बाबांची भीती अगदीच पोकळ नाही. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, पुढच्या 200 मीटरवर परवानगी लागते. पण त्यासाठी आधी अधिसूचना निघावी लागते, हरकतींना दोन महिने मिळतात. तुकडे सापडले म्हणून आपोआप काही लागत नाही.

कुशावतीकाठ:
बाबांना वाचून दाखवलं. "अर्ज कर, पण सर्व्हे नंबर नीट घाल, शेजाऱ्याचा घालशील," एवढंच म्हणाले. उरलेल्या खड्ड्यांचं काय करू? रोपं आणून ठेवलीत, पाऊस तोंडावर आलाय.

जांभाकातळ:
बागायतीच्या दुसऱ्या अंगाला मारा. निघालेल्या जागी खुंटी ठोका, शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, प्रत्येक खड्ड्याचे तुकडे वेगळ्या पिशवीत घालून खोली लिहा. फोटो इथे टाका हवे तर, सर्व्हे नंबर टाकू नका. नाहीतर आठवड्यात कुणीतरी पिकास घेऊन हजर.