मदत हवी आहे: लहान चणीचं मिक्स पिल्लू, घरात सहा वर्षांची लेक

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला इंदिरानगरात दुसऱ्या मजल्यावर राहतो. लेकीने कुत्र्यासाठी घर डोक्यावर घेतलंय, आणि आता सासूबाईही (सगळ्यात मोठा विरोध त्यांचाच) "आणा एकदाचं" म्हणाल्यात.

मखमलाबादला ओळखीच्यांच्या मळ्यात पॉमेरियन आईची पिल्लं आहेत, बाप गावठी असावा. जेमतेम सहा आठवड्यांची. ते म्हणतात, आत्ताच न्या. मी मात्र आठ आठवडे पूर्ण होऊ देणार. भावंडांशी खेळतानाच पिल्लाला चावा किती जोरात घ्यायचा ते कळतं, आणि घरात लहान मूल असताना ते फार महत्त्वाचं.

दोघांवर डोळा आहे. तपकिरी नर धावत येऊन पायजम्याची नाडी ओढतो. काळी आधी लांबून बघते, मग हळूच येऊन हात हुंगते. उचलली तर जरा वळवळून शांत होते. ताट पडल्याच्या आवाजाला दचकली, पण लगेच बघायलाही आली. लेकीला अर्थातच नाडीवाला हवाय. माझा कल काळीकडे.

एवढ्या लहान वयात दिसलेला स्वभाव पुढे कितपत टिकतो? बापाचा पत्ता नसताना वाढ किती होईल ते कशावरून ओळखता? आणि पार्वोच्या (पिल्लांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार) लसीचे डोस साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतात, खाली भटकी कुत्री भरपूर. तोवर शी-शूची सवय बाल्कनीत लावली तर नंतर मोडते का?

पाथर्डी फाट्याच्या बाजूला संध्याकाळी उशिरापर्यंत बसणारे प्राण्यांचे डॉक्टर माहीत असतील तर तेही सांगा.